घाट बघायचा की उतरायचा?

मुंबई-पुण्याकडून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या सुरूर फाट्याला हायवे सोडतात आणि वाईतून पसरणीच्या घाटाला लागतात. शनिवारी सकाळी ही रांग गावात अडकते. कृष्णेच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असते. तेवढ्यात काच खाली होते, मोबाइल बाहेर येतो, ढोल्या गणपतीचं देऊळ आणि पाण्यात उतरलेल्या पायऱ्या एका चौकटीत बसवल्या जातात आणि काच वर जाते. पाहुण्याचं वाई बघून झालं. यात त्याचा काही दोष नाही, त्याला वेळेत हॉटेल गाठायचं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या काचेतून गाव कसं दिसतं या हिशेबानं गावांवर पैसा खर्च होऊ लागलाय, आणि गावात राहणारे आम्हीही हळूहळू आपल्या गावाकडे त्याच काचेतून बघायला लागलोय.

हे वाईपुरतं नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटीतून उतरा आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय नवं आलं ते बघत चला. वेशीवर कुणाच्या तरी नावाची स्वागत कमान. चौकात हायमास्ट. 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, मध्ये लाल बदाम, रात्री तो उजळतो. उद्घाटनाच्या दिवशी उडालेलं कारंजं. पेव्हर ब्लॉक, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले खचलेले चार. कंपाउंडच्या भिंतीवर रंगवलेले वारकरी आणि मोर. यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर उजेड असला की बायका जेवणं आटपून निर्धास्त फिरायला बाहेर पडतात, त्यात मीही असते. पण मग त्याच गावात बाजाराच्या दिवशी खेड्यातून भाजीची पाटी घेऊन आलेली बाई सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत लघवीला कुठे जाते, हे तिलाच विचारा. बहुतेक गावांत उत्तर एकच मिळेल. जात नाही. पाणीच पीत नाही.

वाईचं उदाहरण घेते, कारण ते मला जवळचं आहे. कृष्णेच्या काठानं इथे सात घाट आहेत आणि एकेक घाट एकेका आळीचा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. पेशवाईत रास्ते सरदारांनी या गावात देवळं आणि घाट बांधायचा सपाटाच लावला होता. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं ते अगदी नदीच्या तोंडाशी. मोठा पाऊस झाला आणि धोम धरणातून पाणी सोडलं की आजही देवळात पाणी शिरतं. बांधणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर येऊन फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून जास्त पावसाळे या देवळानं असे काढले. नदी वर येणार, हे धरूनच केलेलं ते काम आहे. आज राज्यभर नदीकाठांवर जे बसवलं जातं, म्हणजे दिव्यांचे नाजूक खांब, चकचकीत कठडे, टाइल लावलेले बाक, ते मात्र नदी कधी वर येणारच नाही अशा थाटात बसवलेलं असतं. पूर ओसरला की त्याचंच टेंडर पुन्हा निघतं.

घाट बांधले ते उतरायला. पाणी हटेल तसं माणसानं खाली यावं, चढेल तसं वर सरकावं, एवढ्यासाठी त्या पायऱ्या. नदीवर कामांचीही एक रीत असे. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, धुणं खालच्या अंगाला, जनावरं त्याहून खाली. पोरं पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकत. दहाव्याला माणसं येत, कावळा शिवेपर्यंत बसून राहत. काही जण नुसतेच येऊन बसत, त्यांना तेवढंच काम असे. पुढे नळ आले, घरोघरी न्हाणीघरं झाली, धुण्याची यंत्रं आली आणि यातलं बरंचसं थांबलं. त्याबद्दल गळा काढायचं काही कारण नाही. कमरेवर घागर घेऊन तो चढ चढणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी नळ शंभर वर्षं आधीच मागून घेतला असता. घाटाचं कौतुक करणाऱ्या लेखांमध्ये ही घागर नेहमी हलकी असते.

एक काम मात्र अजून नदीवरच होतं. भाद्रपद सरत आला, घट बसायचे दिवस जवळ आले की घराघरांतून वाकळा आणि गोधड्या निघतात. कोरडी वाकळ एका हातानं काखोटीला मारता येते, भिजली की दोघींना उचलत नाही. ती पायरीवर पसरायची, साबणाचा चुरा टाकायचा, पदर खोचून पायांनी तुडवायची, ब्रशनं घासायची आणि मग वाहत्या पाण्यात सोडायची. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ देतात. आधी काळं पाणी निघतं, मग राखाडी, आणि स्वच्छ निघेपर्यंत ती पुन्हा पाण्यात जाते. मग वरच्या कोरड्या पायऱ्यांवर ती अंथरायची. खालून तापलेला काळा दगड, वरून भाद्रपदातलं ऊन, कोपऱ्यांवर चार धोंडे. दुपार कलेपर्यंत एक बाजू वाळते. मशीनमध्ये का घालत नाही म्हणून विचारलं तर एक बाई हसून म्हणाली, "वाकळ घातली तर मशीनच वाकंल." बरोबरच आहे. सहा-सात किलोच्या यंत्रात चार थरांची वाकळ फिरत नाही, आणि ती वाळत घालायला दोन खोल्यांच्या घरात जागाही नसते. घाट ही या बायकांची जागा आहे. त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला पायरी मिळत नाही.

आता कुठल्याही गावच्या नदीकाठ सुशोभीकरणाचं संकल्पचित्र काढून बघा. वर्तमानपत्रात येतं, नाक्यावरच्या फ्लेक्सवरही लागतं. त्यात कॉम्प्युटरनं चिकटवलेली माणसं असतात. उंच, सडपातळ, बहुतेक गोरी. कुणी जॉगिंग करतंय, कुणी कुत्रं फिरवतंय, एका पोराच्या हातात फुगा. बादली घेतलेली बाई त्यात नसते. दहाव्याचे पिंड नसतात, न्हावी नसतो, पायरीवर डोकं टेकणारी म्हातारी नसते. गावात ज्यांना नदीची खरोखर गरज पडते, ती माणसं नकाशातून आधी वजा झालेली असतात, जागेवरून वजा व्हायला मग फारसा वेळ लागत नाही. त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका फलकानं होते: 'येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.' नदीकाठच्या कितीतरी गावांत हा फलक तुम्ही पाहिला असेल.

या फलकाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की धुण्यानं नदी घाण होते. हा मुद्दा धुडकावण्यासारखा नाही. साबणाच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं, ते पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. पण घरातल्या मशीनमधला साबण कुठे जातो? मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून त्याच कृष्णेत, फक्त कुणाला न दिसता. फलक लावल्यानं साबण थांबत नाही, बाई थांबते.

थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा, आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. या निकषानं एवढ्या गावाचं सांडपाणी रोज ३९ लाख लिटरच्या घरात जातं. तेही जुन्या लोकसंख्येवर, शनिवार-रविवारचे पाहुणे न धरता. त्यासमोर वर्षातून आठ-पंधरा दिवस येणाऱ्या वाकळा ठेवून बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ मध्ये देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते, देशात सर्वांत जास्त. या पट्ट्यांमागचं मुख्य कारण शहरांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि काही ठिकाणी कारखाने. धुणं धुणाऱ्या बायकांमुळे कुठली नदी या यादीत गेली असेल, असं मला वाटत नाही.

हे सांडपाणी वाढलं कसं, तेही बघायला हवं. जुन्या वाड्यांत पाणी आडातून किंवा नदीवरून येई, म्हणून ते जपून वापरलं जाई आणि मोरीचं पाणी परसातल्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी मुरे. नळ आला आणि पाणी वाढलं. फ्लशचे संडास आले, ते यायलाच हवे होते. प्रत्येक घराखाली सेप्टिक टँक झाली. वाडा पाडून तिथे तीन मजली अपार्टमेंट उभी राहिली की एका कुटुंबाच्या जागी बारा कुटुंबं येतात, परसू पार्किंगमध्ये जातं आणि मुरायला माती उरत नाही. सेप्टिक टँकची वरची नळी मग रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडली जाते. ते गटार मुळात पावसाच्या पाण्यासाठी होतं. ओढे तर नदीच्याच दिशेनं वाहणार. वरच्या अंगाला धोमचं धरण आहे, त्यामुळे पावसाळा सोडला तर नदीला वाहता जोर राहत नाही, पाणी ठिकठिकाणी डबक्यासारखं थांबतं आणि सांडपाण्यातलं नत्र-फॉस्फरस खाऊन जलपर्णी पसरते. मग ती काढायला यंत्र आणतात, त्याचे फोटो येतात, पुढच्या वर्षी जलपर्णीही येते आणि यंत्रही. सगळ्यांना ठाऊक असतं की जलपर्णीचं मूळ गटारात आहे. पण गटारापाशी उभं राहून कुणी फीत कापत नाही.

इथपर्यंत आलं की आपल्याकडे 'सगळे खातात' असं म्हणून विषय मिटवायची सवय आहे. खात असतीलही. पण प्रामाणिक माणसं बसवली तरी पैसा कमानीकडे आणि दिव्यांकडेच वळेल, अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे, हे जास्त गंभीर आहे. १९९९ पर्यंत नगरपालिकांना जकात होती. गावात येणाऱ्या मालावर ती घेतली जाई आणि नगरपालिकेच्या हातात स्वतःचा पैसा येई. जकातीत लाचखोरी होती, ट्रक तासन्‌तास खोळंबत, ती गेली ते बरंच झालं. पण तिच्या जागी राज्याकडून येणारं अनुदान आलं आणि नगरपालिकेचं तोंड गावाकडून मंत्रालयाकडे वळलं. आता बहुतेक नगरपालिकांची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. ती पगार आणि वीजबिलात जिरते. नवं काही करायचं तर वरून निधी आणावा लागतो, आणि तो हेडप्रमाणे, म्हणजे कुठल्या कामासाठी ते आधीच ठरून, येतो. सुशोभीकरणाचा निधी सुशोभीकरणालाच वापरायचा. शिवाय 'हा निधी मी आणला' असं सांगणारा आमदार हवा, आणि सांगता येईल असं काम हवं. जमिनीखालच्या पाइपवर कोनशिला बसत नाही.

स्वच्छतेसाठी पैसाच नाही, असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेशी बांधून टाकला होता. पण असा पैसा बहुतेक बांधकामाकडेच वळतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधून झालं की त्याला रोज वीज लागते, चालवणारा माणूस लागतो, महिन्याला पंपांची देखभाल लागते. हा रोजचा खर्च कुठल्या भाषणात बसत नाही. दिव्यांचंही तसंच आहे, पण बंद पडलेला दिवा निदान दिसतो. बंद पडलेलं केंद्र भिंतीआड असतं आणि सांडपाणी शेजारच्या नाल्यानं गुपचूप नदीला जाऊन मिळतं.

त्यात मधली चार वर्षं आपल्या छोट्या शहरांना लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतंच. राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या घ्यायला सांगितल्या आणि मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. तोवर प्रशासक. प्रशासक कधीकधी चांगलं कामही करतो, शिस्त लावतो, हे मान्य. पण तो बदलीचा माणूस. आळीतली बाई त्याच्या केबिनबाहेर बाकावर बसते आणि साहेब मीटिंगला गेलेत असं ऐकून परत येते. नगरसेवक निदान कोपऱ्यावरच्या टपरीवर सापडतो, त्याला चारचौघांत विचारता येतं.

मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अजून पुढेच आहे. वाईपासून काही किलोमीटरवर मेणवली आहे, नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा तिथे आहे. मेणवलीला ग्रामपंचायत आहे, म्हणजे तिथे कायद्यानं ग्रामसभा आहे, वर्षातून किमान चार वेळा. ती नीट भरते का, बायकांना बोलू दिलं जातं का, ते सोडा. पण तिथल्या कुणाही मतदाराला उभं राहून, सगळ्यांसमोर, घाटावर हा खर्च का केला म्हणून विचारायचा हक्क आहे, आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं. वाईच्या गंगापुरीतल्या मतदाराला असा कुठलाही दिवस नाही. नगरपालिकेची सभा नगरसेवकांची, नागरिकांनी फार तर मागे बसून ऐकायचं. १ जून १९९३ ला अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना १८ विषय दिले, पण प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून मोठ्या शहरांना. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात येऊन वर्षं झाली. अशी सभा भरल्याचं तुमच्या गावात कुणी ऐकलंय का, विचारून बघा. पंधराशे वस्तीच्या गावाला जी सभा आहे, ती छत्तीस हजारांच्या गावाला नाही. २०१४-१५ च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तेव्हा मिरवणुका निघाल्या, फटाके वाजले. त्या रात्री त्या गावांची ग्रामसभा गेली, याची बातमी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की घाटाचा प्रश्न सौंदर्याचा किंवा वारशाचा आहे त्याहून आधी तो मालकीचा आहे. आणि मालकीची एक जुनी पद्धत वाईत आजही चालू आहे. माघापासून पुढे इथे कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफजलखान वाईला तळ देऊन होता, तेव्हा, १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि तो फेडायला उत्सव सुरू झाला, असं सांगतात. उत्सव सगळ्या गावाचा एकच नाही. प्रत्येक घाटाचा वेगळा, एकामागून एक. त्या त्या आळीचे लोक वर्गणी काढतात, घाट धुतात, मांडव घालतात, देवी आणून बसवतात, कीर्तनं होतात, प्रसादाची पंगत उठते. आपल्या घाटाला नाव ठेवलेलं आळीतल्या म्हाताऱ्यांना खपत नाही. शेजारच्या आळीपेक्षा आपली पंगत कमी पडली तर वर्षभर ऐकावं लागतं. त्या दिवसांत घाटावर प्लास्टिकची पिशवी दिसत नाही, आणि त्यासाठी फलक लागत नाही.

याचा अर्थ सगळं आळीच्या मंडळींवर सोपवून मोकळं व्हावं, असा नाही. आळीत जुनी अढी असते, जुनी उतरंडही असते. कुणी कुठल्या पायरीवर उतरायचं हे पूर्वी जातीनं ठरे, आणि हे विसरून 'पूर्वीचं छान होतं' म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. घाट सगळ्यांचा झाला तो कायद्यानं आणि नगरपालिकेनं. तो हक्क सोडायचा नाही. पण सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, अशी जी गत झाली आहे, ती बदलायला आळीपुढे हिशेब ठेवणं हा एक व्यवहारी मार्ग आहे.

पर्यटनाचं काय, असं विचारणारे भेटतात. त्यांचा मुद्दा पोटाचा आहे, त्यामुळे तो ऐकायलाच हवा. वाईच्या घाटावर आणि मेणवलीत कितीतरी हिंदी सिनेमांचं चित्रीकरण झालं. कधी हे गाव उत्तर प्रदेशातलं झालं, कधी बिहारमधलं. मंदिराच्या बाहेर हिंदी पाट्या लागल्या, गावातली माणसं गर्दीत उभी राहिली, जेवणाचे डबे पुरवणाऱ्यांचे चार पैसे झाले. आता लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात, पहाटेच्या उजेडात लांबलचक घेराचा झगा पायऱ्यांवर पसरून ठेवतात आणि त्यांच्या डोक्यावर ड्रोन घोंघावत असतो. येऊ देत की. पण सिनेमावाल्यांना वाई का आवडली, याचा विचार व्हावा. त्यांना वापरातला घाट हवा होता. झिजलेल्या पायऱ्या, ओल्या कपड्यांतली माणसं, देवळातून येणारी घंटा. रंग बदलणारे दिवे आणि स्टीलचे कठडे हवे असते तर त्यांनी मुंबईतला एखादा मॉल गाठला असता. ज्या गोष्टीसाठी पाहुणा येतो, तीच गोष्ट पाहुण्यासाठी काढून टाकायची, हा धंदा म्हणूनही आतबट्ट्याचा आहे.

उतरणाऱ्यांसाठी खर्च करायचा ठरलं तर फार मोठी यादी होत नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या माणसांना धरायला एका बाजूला दगडात रोवलेली साधी लोखंडी साखळी. आंघोळ झाल्यावर बायकांना ओलं लुगडं बदलायला आडोसा. प्रत्येक घाटाजवळ संडास, आणि त्याला कुलूप नको. डोह कुठे आहे, पाणी किती खोल आहे, याची पाटी, कारण बाहेरून आलेली पोरं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नदीत बुडतातच. वाकळा धुवायला खालच्या अंगाला एक रुंद फरसबंदी, आणि तिचं पाणी थेट नदीत न जाता आधी खड्ड्यात जिरेल अशी सोय. आणि आज पाण्यात उतरावं की नाही, ते सांगणारा एक फळा. आंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं मोजमाप, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं असा देशाचा निकष आहे. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचं पाणी ठरलेल्या ठिकाणी नियमित तपासतं आणि आकडे वेबसाइटवर टाकतं. तेच आकडे खडूनं घाटाच्या पायरीशी लिहायचे. ते लिहायला सुरुवात झाली की गटाराचा विषय सभेत आणायला कुणाला निवेदन द्यावं लागणार नाही.

नवे नगराध्यक्ष आणि नगरसेवक आता निवडून आले आहेत. त्यांनी कायदा बदलायची वाट बघावी, असं मला वाटत नाही. उत्सवात आळीआळीनं मांडव पडलेला असतोच, माणसं जमलेली असतातच, माइकही असतो. कीर्तनाच्या आधी तास-दीड तास मुख्याधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि त्या प्रभागाचे नगरसेवक तिथे येऊन बसू शकतात, गटारांचा नकाशा मांडवात टांगू शकतात, आणि या घाटावर वर्षभरात काय खर्च झाला ते वाचून दाखवू शकतात. कुठल्याही ठरावाची गरज नाही, फक्त यायची तयारी हवी. प्रश्न विचारायला बायका पुढे येतील का, अशी शंका काही जण काढतील. त्यांनी भाद्रपदात एकदा घाटावर यावं आणि दोघींत वाकळ पिळताना काय काय बोललं जातं ते ऐकावं. पहिला प्रश्न कुठला असावा हे मला विचारलं तर मी एवढंच विचारीन: गावातल्या सेप्टिक टँक उपसायला जी गाडी येते, ती भरल्यावर रिकामी कुठे होते?